कोरी बाजू खाली

"तुम्ही आमचं बोलणं कापलंत," वहिनी म्हणाली आणि हातातला कागद तिने मॅनेजरच्या पुढ्यात सरकवला. "बघा की. मशीनचा नंबर आहे, विभाग आहे, तपासणीची तारीख आहे, शेवटी 'चालू' आहे. त्याच्यापुढे चालवणाऱ्याचं म्हणणं असतं. ते कुठंय?"

मॅनेजरने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेरून आलेल्या तपासनिसाच्या कपात तो चहा ओतत होता. तपासनिसाने सही केली की पुठ्ठा कापायची बंद ठेवलेली प्रेस उद्या सकाळी सुरू होणार होती. तिच्यावर वहिनीच बसणार होती.

"कागदावर मावतं तेवढं छापलं जातं," मॅनेजर म्हणाला. "मी काय कागद ताणू? विचार तुझ्या नणंदेला."

नणंद कोपऱ्यात कॉम्प्युटरसमोर बसली होती, प्रिंटरला लागून. आज सकाळी मॅनेजरने तिला खुर्चीवरून उठवून माऊस स्वतःच्या हातात घेतला होता. पडद्यावरची निळी रेघ ओढत ओढत त्याने 'चालू'पाशी आणून ठेवली होती. रेघेच्या आतलं छापलं जातं. बाहेरचं राखाडी होऊन पडद्यावरच राहतं. ज्याला येत नाही त्याला समजावून सांगता येतं. याला सगळं येत होतं.

"मावतं," नणंद म्हणाली.

"एका पानात?"

"दोन लागतील."

"मी एका पानात म्हणालो होतो."

"एका पानात कोंबलं तर अक्षर मुंगीएवढं होतं. म्हणून तुम्ही रकानाच उडवलात."

भिंतीला टेकून उभा असलेला फोरमन उगाच खोकला. मॅनेजरने किटली खाली ठेवली.

"घरचा आहेर द्यायला लागलीस? ज्या कंपनीचं मीठ खातेस—"

"मीठ वहिनीच्या हातचं खाते मी. तेही जरा जास्तच असतं."

"ते घरी बोलू आपण," वहिनी म्हणाली.

नणंदेने निळी रेघ शेवटपर्यंत ओढली आणि प्रिंट दिली. पहिलं पान आलं, ते सगळ्यांच्या हातात होतं तसंच. मग दुसरं आलं. त्यावर एकच रकाना होता. चालवणाऱ्यांचं म्हणणं, ओळीखाली ओळ, आणि पुढेमागे काहीच नाही.

मॅनेजरने ते पान उचलून मोठ्याने वाचलं. "'पेडलवरून पाय काढला तरी खाली येते. दोनदा हातमोजा आत ओढला गेला.' कोण खाली येते? लिफ्ट? पंखा?"

फोरमन हसला. ते हसणं त्याच्या पगारात धरलेलं होतं.

"नंबर नसेल तर मला हे धरता येणार नाही," तपासनीस म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला घरी जायचं होतं, एवढंच.

मॅनेजरने पान टेबलावर पसरलं आणि त्याच्यावर किटली ठेवली. ओला गोल हळूहळू अक्षरांत शिरला.

नणंदेने पुन्हा माऊस धरला. मशीनच्या नंबरांचा पहिला रकाना प्रत्येक पानाच्या सुरुवातीला पुन्हा यावा, अशी खूण तिने केली. पडद्यावर दुसरं पान बदललं. प्रत्येक बोलण्याच्या अलीकडे त्याचं त्याचं मशीन येऊन उभं राहिलं. तिने बटण दाबायच्या आत मॅनेजर उठला. प्रिंटरचा ट्रे त्याने ओढला, आतला सगळा कागद काढून बगलेत मारला आणि रिकामा ट्रे परत ढकलला.

"कागद संपला," तो म्हणाला. "पुढच्या मीटिंगला बघू."

"पुढच्या मीटिंगला मी टाळ्या कशाने वाजवू?" वहिनीने विचारलं.

कुणी हसलं नाही.

तिने मघाशी सरकवलेलं आपलं पान उचललं. मग मॅनेजरच्या खुर्चीसमोरचं. मग हात पुढे करून ती फोरमनसमोर उभी राहिली. फोरमनने एकदा मॅनेजरकडे पाहिलं, एकदा तिच्या हाताकडे, आणि खिडकीकडे बघत आपलं पान देऊन टाकलं.

"तुमचंही द्या, साहेब," ती तपासनिसाला म्हणाली. "परत मिळेल. भरलेलं मिळेल."

त्याने पेन बाजूला ठेवलं आणि पान दिलं.

"हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस," मॅनेजर म्हणाला.

"हात आहे तोवरच दाखवणार ना."

तिने चारही पानं जुळवून ट्रेमध्ये घातली.

"कोरी बाजू खाली, वहिनी," नणंद म्हणाली.

वहिनीने पानं उलटी केली आणि नणंदेने फक्त दुसऱ्या पानाच्या चार प्रती सोडल्या. प्रिंटर जरा घुटमळला, घरघरला आणि एकेक पान बाहेर टाकू लागला. मॅनेजर कोऱ्या कागदांचा गठ्ठा बगलेत धरून तसाच उभा होता. पोरगं कडेवर घेतल्यासारखा.

वहिनीने तपासनिसाचं पान त्याच्यासमोर ठेवलं. डावीकडे प्रेसचा नंबर, उजवीकडे तिचं म्हणणं. कागद अजून गरम होता. त्याने ते वाचलं. पान उलटून 'चालू' वाचलं. पुन्हा उलटून तिचं वाचलं.

"सही पुढच्या बाजूला असते," मॅनेजर म्हणाला. "खाली, उजवीकडे."

तपासनिसाने पेन उचललं. वहिनीने उजवा हात पानावर उघडा ठेवला, पाचही बोटं पसरून.

"उद्या सकाळी त्या प्रेसखाली हा असेल," ती म्हणाली. "आता सांगा साहेब, सही कुठल्या बाजूला करताय?"