कोणता गुडघा?

हाडांच्या डॉक्टर मॅडम दर वर्षी नव्या शिकाऊ डॉक्टरांकडून एकच गोष्ट घोकून घेत. भूल देण्याआधी पेशंटला तिघांनी वेगवेगळं विचारायचं, ऑपरेशन कोणत्या बाजूचं आहे ते. काही खटकलं तर समोर कितीही मोठा डॉक्टर असो, थांबवायचं.

यंदा मॅडमच्या स्वतःच्याच गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. टेबलावर आडवं झाल्यावर आधी सिस्टरांनी विचारलं, मग भूल देणाऱ्या डॉक्टरांनी. दोघांना त्यांनी नीट उत्तर दिलं. तिसरी आली ती त्यांच्याच हाताखाली शिकणारी सगळ्यांत ज्युनियर मुलगी.

"मॅडम, कोणता गुडघा?"

"अगं, तीस वर्षं गुडघेच करतेय मी! उजवा. आटप आता."

मुलीने हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग गुडघ्यांकडे. ती म्हणाली, "मॅडम, सॉरी, पण ऑपरेशनची खूण डाव्यावर आहे. मी थांबवतेय."

मॅडमनी तावातावाने मान उचलून पाहिलं. सुजलेला गुडघा डावाच होता. तीस वर्षं पेशंटसमोर उभं राहून डाव्या-उजव्याची अदलाबदल करायची सवय जडलेली. आज पेशंट आपणच आहोत, हे घाईत डोक्यातून निघून गेलं होतं. सगळे मास्कआड हसू दाबत होते.

मॅडमनी मान खाली टाकली.



"शाबास, पोरी," त्या म्हणाल्या, आणि भूलवाल्या डॉक्टरांकडे वळून हळूच पुटपुटल्या, "आता लवकर भूल द्या हो, या सगळ्यांच्या तोंडाकडे बघवत नाहीये मला."