मागं दिलेला चेंडू

शिट्टी वाजली तेव्हा चेंडू गोलकीपर दौलतच्या छातीशी होता. तेव्हा कुठं त्याला आठवलं. जगभर बदललेला नियम यंदा कोल्हापुरातही लागू झाला होता: आपल्याच गड्यानं पायानं मागं दिलेला चेंडू गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही.

एका गोलनं पुढं असलं, की बचावातल्या दादानं चेंडू मागं द्यायचा आणि दौलतनं उचलून वेळ काढायचा, हे दोघा भावांचं वर्षानुवर्षं चाललेलं. फायनलमध्येही सवयीनं तेच झालं. गोलच्या तोंडाशी फ्री किक, बरोबरी, आणि पेनल्टीवर त्यांच्या तालमीच्या संघाचा कप गेला.

कप येणार म्हणून घरी मटण शिजलेलं. दोघं ताटावरही भांडत होते.

"उचललास कशाला?"

"तू दिलासच कशाला, दादा?"

आईनं भाकरी थापायची थांबवली. "थोरल्यानं दिलं, धाकट्यानं घेतलं. जन्मभर हेच तर शिकवलं की मी! ह्यात चुकलं काय?"

नेहमीसारखी दादानं आपल्या ताटातली नळी दौलतपुढं धरली.

या वेळी मात्र दौलतचा हात पुढं आला नाही.