अडकलेली हवा

इंजिन थंडगार होतं, तरी रेडिएटरच्या झाकणाकडे हणमंतचा हात जाईना. तीन महिन्यांपूर्वी घाईत तापलेल्या गाडीचं झाकण उघडताना उकळतं पाणी उसळून त्याचा गाल नि मान भाजली होती. त्यानंतर गॅरेज आजच उघडलं होतं.

शेवटी डोळे मिटून त्यानं झाकण काढलं. पण आत अडकलेली हवा काढायची, तर गाडी चालू ठेवून तिथंच उभं राहणं भाग होतं.

“तू आत बस,” तो बायकोला म्हणाला. “हीटर पूर्ण सोड. टेंपरेचरचा काटा तांबड्याकडे सरकला, की लगेच बंद कर.”

“करते. तुम्ही तोंड लांब ठेवा.”

सुलननं चावी मारली. बुडबुडा फुटला, की हणमंत दचकून मागे सरे. पाणी खाली गेलं, की पुढे होऊन ओते. “काटा?” तो सारखा विचारी. “मधेच आहे,” ती सांगे.

बुडबुडे थांबले. “अहो, हीटरचं वारं गरम आलं!” ती ओरडली.

हवा निघाली होती. झाकण लावून तो हसतच खिडकीशी गेला. “कर बंद.”

दवाखान्यात एकदाही न रडलेली सुलन स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देत होती.