भिंतीला पाठ

भयकादंबरी परत करताना प्रकाशकाने जखमेवर मीठही चोळलं, “बाई, भुतांना आता कोण भीक घालतं? पाककृती लिहा!” लेखिका तणतणत टायपिंगवाल्या काकांकडे गेली. टाइप करून झाल्यावर त्यांच्याकडेच राहिलेलं हस्तलिखित उचलायचं, रद्दीत घालायचं, विषय संपला. तीस वर्षं टायपिंग करणारे काका ऐटीत सांगायचे, “मी नुसती अक्षरं बघतो, गोष्टीशी मला देणंघेणं नाही.” आज मात्र त्यांचं खिडकीजवळचं टेबल अंधाऱ्या कोपऱ्यात होतं आणि खुर्चीची पाठ भिंतीला घट्ट टेकलेली. “काका, इथे का बसलात?” “उजेड छान येतो इथे,” काका दारावरची नजर न काढता म्हणाले. “कितव्या प्रकरणापासून?” काका वरमले. “तिसऱ्या.” “मग प्रकाशक गेला खड्ड्यात!” म्हणत लेखिकेने त्यांच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढून नव्या कादंबरीचं पहिलं वाक्य लिहिलं: ‘ती भिंतीतून आली.’ काकांनी वाचलं आणि मुकाट्याने खुर्ची पुढे सरकवली.