मुलाखतीच्या खोलीतलं कपाट

ज्यांच्या घरातलं कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, अशा पोरांना विद्यापीठात आणण्यात माझी उभी हयात गेली. आज मुलाखतींचा माझा शेवटचा दिवस.

एका मुलीने सगळी उत्तरं चोख दिली. उठली, 'येते' म्हणाली आणि घाबरून भलतंच दार उघडलं. ते भिंतीतलं कपाट होतं. आतले गठ्ठे तिच्या पायांवर कोसळले. ते गोळा करून, रडवेली होऊन ती गेली.

समितीचे तरुण अध्यक्ष पोट धरून हसले. "मॅडम, जिला बाहेर जायचं दार सापडत नाही, ती पदवी काय मिळवणार? कुठून कुठून गोळा करता हो असली ध्यानं?" आणि तिच्या नावावर त्यांनी काट मारली.

मला शिसारी आली. मी तिचा अर्ज उचलून परत त्यांच्यापुढे आपटला. इतकी वर्षं चारचौघांत मी त्यांना 'सर' म्हणत आले होते.

"तुझ्या मुलाखतीला तू तर याच कपाटात पार आत शिरला होतास, रे. तेव्हाही सगळे असेच हसले. मीच हाताला धरून तुला बाहेर काढलं. बाहेरून कडी लावायला हवी होती."