ढब्बूला मराठी येतं

ढब्बू सोफ्याखालून बाहेर आला, त्याने भिंतीला नाक घासलं आणि जर्मन भाषेत काहीतरी ठणकावून तो मागच्या खोलीकडे वळला.

“बघ, पुन्हा सुरू झालं याचं,” मालिनी फोनवर म्हणाली. “अरे श्रेयस, घरात बोलणारं म्हणून हे एक, तर तेही मेलं परक्या भाषेत.”

मागच्या खेपेला श्रेयसने जर्मनीतलं आपलं केर काढणारं यंत्र आईसाठी उचलून आणलं होतं. गोल, थाळीएवढं. मालिनीने त्याचं बारसं केलं, ढब्बू. केर तो झकास काढायचा, वाटेत काय काय आडवं आलं तेही सांगायचा. पण सांगून उपयोग काय, कळणार कोणाला?

“ॲपमध्ये भाषा बदलता येते, आई. आता मराठीसुद्धा आलीय. सेटिंग्जमध्ये जा...”

“मला नको ते सेटिंग-बिटिंग. भलतंच काही दाबलं जायचं.”

“बरं, दिवाळीत आलो की करतो.”

“मागच्या खोलीत शिरला की तर तोंडाचा पट्टाच सुटतो याचा. रोज.”

“एखादी वायर पडली असेल तिथे.”

“छे रे, खोली लख्ख आहे.” मालिनीने सोफ्यावर बसकण मारली. “दिवाळीपर्यंत मी काही थांबत नाही इथे. विकून टाकू हा फ्लॅट. घर खायला उठतं रे.”

मागच्या खोलीत पडल्या पडल्या दिवाकरने ते ऐकलं. घर खायला उठतं? तो होता की घरात.

दोघांत बोलणं नव्हतं. ज्या घरात बोलणं नसतं तिथली माणसं भिंतीशी बोलतात. मालिनी ढब्बूशी बोलायची. तिचं जेवण उरकलं, की उरल्यासुरल्यातली एखादी पोळी आणि डावभर आमटी दिवाकरच्या वाट्याला. जास्त घेतलं तर ती पातेल्यात डोकावून पुटपुटायची. दाराजवळच्या कपाटात फक्त तिच्या चपला. दिवाकरच्या चपला मागच्या खोलीत, त्याच्या उशाशी. ज्याने जन्मात कधी चप्पल उंबऱ्याच्या आत आणली नाही, त्याच्यावर ही वेळ. रोज त्याची त्यालाच लाज वाटे.

पण जाणार कुठे? अर्धं आयुष्य गंगापूर रोडच्या याच तिसऱ्या मजल्यावर गेलं होतं. कुठली फरशी पाय पडला की वाजते, फ्रिजचं दार कसं उघडलं म्हणजे आवाज होत नाही, हे त्याच्याइतकं मालिनीलाही ठाऊक नव्हतं. ती गेली, फ्लॅट विकला गेला, तर नवे लोक आधी तोडफोड करणार. मग त्याला कुठला कोपरा उरणार होता?

मालिनीचं इथे मन रमायला हवं होतं. काहीही करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी “येते रे, ढब्बू” असं यंत्राला सांगून मालिनी भाजी आणायला बाहेर पडली. दिवाकरला तिने काही सांगितलं नाही. त्याची त्याला सवय होती.

त्याने पडद्याच्या फटीतून पाहिलं. ती पिशवी घेऊन फाटकाबाहेर गेली. मग तो टीव्हीपाशी आला. श्रेयसचा जुना फोन तिथेच असायचा, ढब्बूपुरता ठेवलेला. त्याला कुलूपही नव्हतं. चष्मा नाकावर सरकवत दिवाकरने एकेक पान उघडलं, भाषांची यादी शोधली आणि जर्मनवरची खूण मराठीवर आणली.

“नमस्कार,” कोपऱ्यातून गोड बायकी आवाज आला. “यापुढे मी मराठीत बोलेन.”

दिवाकर दचकला आणि मग हसला. त्याचे डोळे भरून आले. या घरात त्याच्याशी कोणी बोललं त्याला किती दिवस झाले होते!

त्याने फोनची काच सदऱ्याने पुसली आणि फोन होता त्याच जागी, होता तसाच तिरका ठेवला. उपकाराचा डांगोरा पिटायचा त्याचा स्वभाव नव्हता.

मालिनी परतली, मेथी निवडायला बसली आणि बसल्या बसल्या तिने पायाच्या अंगठ्याने ढब्बूचं बटण दाबलं.

“सफाई सुरू करत आहे.”

मेथीची जुडी तिच्या हातातून निसटली. पुढच्या क्षणी तिने श्रेयसला व्हिडिओ कॉल लावला होता.

“अरे गुलामा, तिथून केलंस होय! मराठी बोलतोय बघ!”

“मी काही नाही केलं,” श्रेयस म्हणाला. “आपोआप अपडेट झालं असेल.”

“काही का असेना, घर भरल्यासारखं वाटतंय.” मालिनी खळखळून हसली. “राहू दे तो फ्लॅट विकायचा विषय.”

मागच्या खोलीत दिवाकरने सुटकेचा निःश्वास टाकला. जिंकलं. ढब्बूची चाकं घरघरत जवळ येत होती.

“चपला आढळल्या,” ढब्बू म्हणाला. “बाजूने जात आहे.”

मालिनीचं हसू थांबलं. “चपला? घरात?” ती फोन घेऊन खोलीच्या दाराशी आली. पलंगावरची चादर जमिनीपर्यंत लोंबत होती आणि तिच्या कडेखालून दोन झिजलेली टोकं बाहेर डोकावत होती.

“श्रेयस, पुरुषाच्या आहेत रे. तुझ्या का?”

“माझ्या कुठल्या? आधीच्या भाडेकरूच्या राहिल्या असतील. ते दिवाकरकाका नाही का, मालकाने आपल्याला फ्लॅट विकला तेव्हा उंबऱ्यावर बसून रडत होते. दुसरी किल्ली पण परत दिली नाही त्यांनी.”

मालिनीने फोन पलंगाकडे वळवला.

ढब्बूने चादर डोक्याने सारली, तो पलंगाखाली शिरला आणि थांबला.

“माणूस आढळला,” तो गोड आवाजात म्हणाला. “कृपया पाय बाजूला घ्या.”