मधला साचा

नाटकातल्या हिमराक्षसाचा लोकरी झगा होत आला होता. शिवण कुठेच नाही. साबणाच्या गरम पाण्यात लोकर चोळचोळून एकजीव केलेली. पाणी निथळवताना सून एकदम थांबली.

"आई, प्लास्टिकचा साचा तर भिंतीलाच टेकलाय!"

माझं अवसानच गळालं. लोकरीच्या दोन थरांमध्ये साचा घातला, तरच पाठ-पोट चिकटत नाही, अंगाला जागा राहते. साचा ह्यांच्याच मापाचा. हे जमिनीवर प्लास्टिकच्या कागदावर आडवे व्हायचे, मी भोवती खडू फिरवायची. तो मधे घालायचं कामही कायम ह्यांचंच. हे गेल्यावरचा हा पहिला झगा, आणि मी विसरले.

"आता नुसतं जाड घोंगडं झालं असणार," सून कळवळली.

तरी मी गळ्याशी कात्री लावली. थर अलगद सुटले. आत पोकळी होती, पार बाह्यांच्या टोकापर्यंत. डावा खांदा जरा उतरलेला, ह्यांचा होता तसाच.

"अगंबाई, जमलं की!" म्हणत तिनं झगा घालून बघायला उचलला.

मी तिचा हात धरला. "थांब गं. आधी ह्यांना बाहेर येऊ दे."